लेबल खरवडलेली तबकडी

इंग्लंडात स्लाऊला लेकीकडे येऊन मला अकरा दिवस झाले होते आणि दाखवलेल्या एकाही गोष्टीसमोर मी दोन मिनिटांच्या वर थांबलो नव्हतो. बाराव्या दिवशी घरामागच्या मैदानात उन्हाळी मेळा भरला. नातवाची बाबागाडी ढकलत तिथे गेलो आणि झाडाखाली मांडलेल्या चार लाकडी खोक्यांपुढे जो उभा राहिलो, तो लेक मेघा दोनदा बोलवायला आली तरी हललो नाही.

माझा धंदा लाऊडस्पीकरचा. कराडला माझी साऊंड सर्व्हिस आहे. एक कर्णा आणि एक उसना अँप्लिफायर यांवर सुरू केली, आज दारात तीन टेम्पो उभे असतात. खोका पाहिला की फळी किती सुताची आणि आत स्पीकर किती इंची हे मी उघडल्याशिवाय सांगतो. पण या खोक्यांतून येणारा बेस पायातून वर चढत होता, आणि तरी शेजारच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येत होतं. इतकी वर्षं खटपट करून मला ते जमलं नव्हतं.

गाणी रेगे होती. वेस्ट इंडीजच्या काळ्या लोकांचं हे संगीत. ठोका आपल्याला वाटतो त्याच्या पुढच्या जागी पडतो. खोके कोणी बनवले म्हणून मी चालवणाऱ्या गृहस्थांना विचारलं.

"मी नाही, अंकल. बर्मिंगहॅमला हँड्सवर्थमध्ये लीरॉय म्हणून म्हातारा आहे, त्याच्या हातचे हे. सेट विकायला काढलाय त्याने. लवकर जा."

त्याच संध्याकाळी सुपरमार्केटात दुधाच्या रांगेत एक गाणं लागलं होतं. मेघा गुणगुणायला लागली. "अप्पा, हे पण रेगेच आहे. इथे सगळ्यांना पाठ असतं, लग्नात वगैरे वाजतं. तो सिंगर गोरा आहे, बर्मिंगहॅमचाच." गाणं गोड होतं. मागे व्हायोलिनं होती. ठोका होता त्याच जागी, पण घासून गुळगुळीत केलेला. मी म्हणालो, हे कुणाचं तरी उचललेलं आहे. मेघा म्हणाली, "अप्पा, तुम्हाला ना सगळंच उचललेलं वाटतं." ती चिडवत होती, पण खोटं बोलत नव्हती.

चार दिवसांनी, शुक्रवारी, मी निघालो. स्टेशनवर सोडताना तिने बजावलं, "तिथे जाऊन कुणाशी भांडू नका हं, प्लीज. इथे बार्गेनिंग नसतं." रेडिंगला गाडी बदलली आणि दुपारी बर्मिंगहॅमला उतरलो. तिथून बस. बसमध्ये ड्रायव्हरशेजारी काचेचा डबा असतो, त्यात भाडं टाकायचं. मी मोठं नाणं टाकलं आणि उरलेले सुटे मागितले. ड्रायव्हर पगडीवाले सरदारजी होते. म्हणाले, "बाऊजी, डब्ब्यात पडलं ते पडलं. सुटे नाहीत." मी म्हणालो, हा कुठला न्याय. मागे सात-आठ माणसं गप्प उभी होती. सरदारजी शांतपणे म्हणाले, "बसा, नाहीतर पुढच्या बसला पुन्हा टाका." आयुष्यात इतक्या कमी शब्दांत मला कोणी हरवलेलं नाही.

हँड्सवर्थचा सोहो रोड म्हणजे अर्धं जालंधर. मिठाईची दुकानं, भरजरी ओढण्या, सोनार. मध्येच एखादं केस कापायचं दुकान, त्यातून तोच बेस. लीरॉयचं घर मागच्या गल्लीत, एकाला एक चिकटलेल्या लाल विटांच्या घरांत. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या उंच काळ्या माणसाने. ओतकामाच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी.

"इंडियातून खोके बघायला आलास?"

"विकत घ्यायला आलोय. बघून झालेत."

तो हसला आणि तळघरात घेऊन गेला. पुढचा दीड तास सांगण्यासारखा आहे, पण तो आम्हा दोघांनाच कळेल. त्याने किंमत सांगितली, मी जिना चढायला लागलो. त्याने हाक मारली नाही, मीच वळलो. चहाच्या तिसऱ्या कपाला आमचं जमलं. दोन खोक्यांतले चार स्पीकर, आणि खोक्यांची मापं तो स्वतःच्या हाताने कागदावर काढून देणार. अट एकच. "उद्या दुपारी म्हाताऱ्यांच्या जेवणाच्या क्लबात मी शेवटचा वाजवणार आहे. थांब, ऐक, मग घेऊन जा."

मुक्काम त्याच्याकडेच पडला. जेवायला राईस अँड पीज (नारळाच्या दुधात शिजवलेला राजमाभात) आणि करी गोट होतं. मटण आमच्या कराडच्या मानाने पातळ, पण मिरची लहान असून कपाळाला घाम आणणारी. जेवताना त्याने धंद्याच्या गोष्टी काढल्या. त्याचे लोक वेस्ट इंडीजहून आले तेव्हा इथल्या नाचाच्या हॉलांत त्यांना दारावरूनच परत पाठवायचे. म्हणून त्यांनी तळघरं रिकामी केली, खोके ठोकले आणि आपला नाच आपण उभा केला. मी सांगितलं, ज्या देवळाच्या कर्ण्याची वायर मी ओढायचो, त्याच देवळाच्या पायरीखाली माझ्या वडिलांना हलगी (कातडं ताणलेलं, दोन काड्यांनी वाजवायचं चपटं वाद्य) घेऊन उभं राहावं लागे. त्याने मान हलवली. समजावून सांगावं लागलं नाही.

तळघरात तबकड्यांच्या पेट्या होत्या. बऱ्याच तबकड्यांच्या मधलं कागदी लेबल खरवडलेलं दिसलं. मी विचारलं, हे उंदरांनी का?

"आम्हीच." त्याने खिशातलं नाणं काढून दाखवलं. "दोन सेट समोरासमोर वाजायचे. ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेलं गाणं, तो जिंकला. गाण्याचं नाव त्याला कळलं तर पुढच्या शनिवारी तो तेच वाजवणार. म्हणून नाव काढून टाकायचं. सगळेच करायचे."

मग त्याने वेगळ्या पाकिटातली एक तबकडी काढली. ती डबप्लेट (छापखान्यात न छापता एकच प्रत कापून घेतलेली मऊ तबकडी) होती. दर वेळी सुई फिरली की तिचा थोडा जीव जातो, असं तो म्हणाला. वाजवली नाही, पण पहिल्या दोन ओळी घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवल्या. सुपरमार्केटातलं गाणं.

"म्हणजे त्या गोऱ्याने चोरलं," मी म्हणालो. मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

"तो पोरगा चांगला होता. दर शनिवारी येऊन खोक्याला पाठ लावून उभा राहायचा. त्याने मला तोंडावर विचारलं होतं, कोण गातंय? मी सांगितलं, जमैकाची, किंग्स्टनची कुणी बाई. त्याने पुढे सगळीकडे तेच सांगितलं, जमैकाची कुणी अनोळखी बाई. बिचाऱ्याने जे ऐकलं ते सांगितलं."

"आणि खरं काय?"

तो सांगत गेला. गाणारी इथलीच, हँड्सवर्थची. व्हर्ना तिचं नाव. सोहो रोडवरच्या गालिच्यांच्या दुकानावरच्या खोलीत हे गाणं झालं. मूळची जमैकाचीही नव्हे, सेंट किट्स नावाच्या लहानशा बेटावरची, आणि तीही चार वर्षांची असताना इथे आलेली. जमैकाचे लोक अशांना 'स्मॉल आयलंड' म्हणून हिणवत. खरा रेगे किंग्स्टनहूनच येतो, इथे जे होतं ती नक्कल, असं या गल्लीतला प्रत्येक जण मानायचा. लीरॉयनेही मानलं. लेबलावर तबकडी कापणाऱ्याने पेनाने तिचं नाव आणि रस्ता लिहिला होता. लीरॉयने ते खरवडलं, जमैकाहून आलेला माल म्हणून वाजवला, आणि नाचणाऱ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. मूळ टेपवर पुढच्या आठवड्यात दुसरं गाणं भरलं गेलं; टेप महाग असायची.

ऐकता ऐकता माझ्याही तोंडून एक गोष्ट निघाली. वडिलांचा हलगीचा ठेका पुण्याच्या एका माणसाने आमच्याच शेडमध्ये रेकॉर्ड केला. कॅसेटवर वादकाच्या जागी छापलं 'पारंपरिक'. पुढे तोच ठेका फेटे बांधलेल्या कॉलेजच्या मुलांनी स्टेजवर वाजवला, बक्षिसं घेतली, आणि साऊंड माझाच होता. त्या रागावर मी पंचवीस वर्षं काढली आहेत. लीरॉयने विचारलं, "छापायच्या आधी तुला दाखवलं होतं?" दाखवलं होतं. तेव्हा त्या माणसाने मला गणपतीच्या सगळ्या कार्यक्रमांचं काम दिलं होतं. मी काही बोललो नव्हतो. हे मी घरी कधी सांगितलेलं नाही.

"उद्या सायमन येतोय," लीरॉय म्हणाला. "गोरा आहे, जुनी गाणी जमवून सीडी काढतो. खास सुई आहे त्याच्याकडे. तबकडीत वाजण्याची एखादी धड खेप उरली असेल. साधी सुई लावली तर नुसती खरखर, वाळूच ऐकू येईल. त्याच्या सीडीवर गेलं तर व्हर्नाचा आवाज राहील. नाहीतर फक्त त्या पोराचा राहील."

"आणि सीडीवर नाव?"

"अनोळखी गायिका, किंग्स्टन." तो तबकडी पाकिटात घालत म्हणाला. "कुणाला बोलू नकोस."

शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये साठेक म्हातारे-म्हाताऱ्या जमल्या. बायकांच्या टोप्या, पुरुषांचे इस्त्रीचे कोट. डॉमिनो खेळणारे सोंगट्या टेबलावर अशा आपटत होते की नवख्याला भांडण वाटावं. खोके कोपऱ्यात लावायला मी मदत केली. मायकवर लीरॉय स्वतः. गाणं सुरू झालं की सुरुवातीच्या वाजवण्यावर हा माणूस बोलतो, हे मी तिथे पाहिलं. कुणाची चेष्टा, कुणाला सलाम, मग एकदम गप्प. मी म्हणालो, आमच्याकडे गाण्यावर कोणी बोललं तर लोक वायर उपटतील. तो म्हणाला, "आमच्याकडे नाही बोललं तर उपटतात."

भात वाढणारी एक ठेंगणी बाई होती, पांढरे केस घट्ट बांधलेले. लीरॉयने नजरेनेच सांगितलं, हीच. माझ्या ताटात तिने दोनदा भात घातला.

"एवढाच खातोस? खोके उचलायला आलास ना?"

"मिस व्हर्ना, आमच्याकडे पाहुण्याला विचारून वाढतात."

"मग आमच्याकडे आलास कशाला?" ती पुढे गेली.

दोनच्या सुमाराला सायमन आला. पन्नाशीचा, सडपातळ, हातात ॲल्युमिनियमची पेटी. त्याने तबकडी नुसत्या कडांवर पेलून प्रकाशात धरली. ही माया खोटी नव्हती, एवढं मला कळतं. त्याने कागद काढला, लीरॉयपुढे ठेवला, आणि सीडीवर छापायचा मजकूर वाचून दाखवला. किंग्स्टनच्या तळघरांतला अस्सल आवाज, जिचं नाव कुणालाच ठाऊक नाही अशी बाई. व्हर्ना चार हातांवर रिकामी ताटं गोळा करत होती.

माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "नाव ठाऊक आहे. ती ही उभी आहे. याच रस्त्यावर गायली आहे. हा माणूस तीस वर्षं खोटं बोलतोय."

डॉमिनो थांबले. एक म्हातारा म्हणाला, "लीरॉय? तू तर म्हणाला होतास विमानाने आणली." दुसरा कोणी हसला. लीरॉय बसूनच राहिला, अर्ध्या बोटांचा हात कागदावर. सायमन त्याच्याकडे बघत होता. "खरं आहे?" लीरॉयने मानेनेच हो म्हटलं.

सायमनने सावकाश कागद उचलला. "मला आता किंग्स्टन छापता येणार नाही. मी जाणूनबुजून खोटं छापत नाही. आणि ही सीडी जमैकाची आहे. इथलं गाणं त्यात बसत नाही. सॉरी." पेटी बंद करून तो बाहेर पडला.

मी जिंकल्यासारखा उभा होतो. मग व्हर्ना माझ्यासमोर आली.

"तुला कोणी विचारलं होतं?"

"तुमचं नाव..."

"माझं नाव मला माहीत आहे. ते खरवडताना मी शेजारी उभी होते. नाणंसुद्धा माझंच होतं. नाव असतं तर ती तबकडी कुणी वाजवली असती? स्मॉल आयलंडची पोरगी, बर्मिंगहॅमची." तिने हॉलकडे हात केला. "हे सगळे माझ्या आवाजावर नाचले आहेत. हे सगळे. मी भिंतीला उभी राहून बघायची. आज एवढंच ठरलं होतं की आवाज राहावा. नाव नको, गाव नको, आवाज. तेवढंही तू घालवलंस."

जन्मात एकदा सोडलेल्या सौद्याकडे मी परत गेलेलो नाही. लीरॉयच्या जिन्यावरचं वळणं हा सौद्याचाच भाग होता. त्या दिवशी मी धावत गेलो. सायमन गाडीच्या डिकीत पेटी ठेवत होता.

"साहेब, गाणं आधी उतरवून घ्या. छापायचं काय ते नंतर ठरवा."

"तुम्हीच ना ओरडलात?"

"हो. माझी चूक झाली." हे वाक्य मला इंग्रजीत सोपं गेलं. "तुम्ही दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. एक आवाज, एक कागद. कागदाचं जमत नसेल तर कागद राहू द्या. तबकडीत एकच खेप आहे. तुम्ही गेलात तर ती खेप कुणाचीच नाही."

तो थांबला. मी पुढे एक शब्द बोललो नाही. भाव करताना कुठे गप्प बसायचं हे मला येतं. थोड्या वेळाने त्याने पेटी परत उचलली.

हॉलमध्ये त्याने खास सुई बसवली आणि लीरॉयच्या अँप्लिफायरमधूनच आपल्या यंत्राला वायर जोडली. ती जोडायला मी मदत केली, आणि जोडताना माझ्या लक्षात आलं की ज्या जागेवरून तो आवाज घेतोय, तिथे मायकही येऊन मिळतो; मायकवर बोललेलं गाण्यात उतरणार. मी लीरॉयकडे पाहिलं. त्यानेही वायरकडे पाहिलं होतं. मग त्याने व्हर्नाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात, हातात पुसायचं फडकं. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी वायर होती तशी राहू दिली.

सुई टेकली. खरखर, मग ड्रमचे दोन ठोके, मग बेस. लीरॉयने मायक उचलला. सायमनने हात वर केला, पण उशीर झाला होता.

"गाणारी मिस व्हर्ना. जागा सोहो रोड, हँड्सवर्थ, गालिच्याच्या दुकानावर. किंग्स्टन नाही. कधीच नव्हतं. लेबल मी खरवडलं. मी, लीरॉय. ऐका आता."

आणि तो गप्प झाला. मागून वर आला तो वीस वर्षांच्या मुलीचा आवाज, जरासा कोरडा, शब्दाच्या शेवटी श्वास सोडून देणारा. त्या गोऱ्याच्या गाण्यात जिथे व्हायोलिनं होती, तिथे हिच्यात काहीच नव्हतं, मोकळी जागा होती. ती नुसती थांबत होती आणि आपण तिची वाट बघत होतो. साठ माणसांत कोणी चमचा हलवला नाही. एक म्हातारी बसल्या जागी डोळे मिटून डोलत होती.

गाणं संपल्यावर सायमन म्हणाला, "सुरुवात पुन्हा घेऊ या. बोलण्याशिवाय." त्याने सुई पुन्हा टेकवली. पहिल्या ओळीच्या जागी आता नुसती वाळू होती. त्याने सुई उचलली आणि यंत्र बंद केलं. रागावला नाही. खुर्चीवर बसून वायर गुंडाळायला लागला.

व्हर्ना लीरॉयजवळ गेली. हॉल गप्प होता, म्हणून ऐकू आलं.

"मूर्खा, माझ्या पहिल्या ओळीवर बोललास तू."

"सवय," तो म्हणाला.

तिने त्याच्या हातातला मायक काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली. मग कुणीतरी टाळी वाजवली. मी बाहेर जाऊन खोक्यांचे स्क्रू सोडवायचा पेचकस शोधत राहिलो. तो माझ्या खिशातच होता.

परतीच्या गाडीत चार स्पीकर पायांशी होते, मापांचा कागद पाकिटात. मी अस्सल या शब्दाचा विचार करत होतो. नाचणाऱ्यांना अस्सल माल हवा होता, म्हणून लीरॉयने नाव पुसलं. सायमनला अस्सल माल हवा होता, म्हणून गाणं त्याच्या हातून निसटलं. त्या गोऱ्या पोराला तर कोणी अस्सलपणा विचारलाच नाही. त्याच्या चेहऱ्यावर गाणं विकलं गेलं आणि तेवढं पुरलं. भुर्दंड फक्त व्हर्नाने भरला, कारण खरं असल्याचा दाखला फक्त तिच्याकडून मागितला जात होता. तो दाखला त्या दिवशी मीही मागायला उठलो होतो, माझ्या रागापायी.

सायमनची सीडी आली तेव्हा मी कराडला पोचलो होतो. मेघाने घेऊन पाठवली. चांगली छापली आहे. त्यात व्हर्नाचं गाणं नाही. आपल्या धंद्याच्या भागीदारांनी बोलण्यासकट गाणं घ्यायला नकार दिला, आणि बोलणं काढलं तर गाण्याला तोंड उरत नाही, असं त्याने लीरॉयला कळवलं. पण त्याने घरी बसून सात प्रती काढल्या. एक व्हर्नाला, एक लीरॉयला, एक तिच्या चर्चला. चौथी मला आली. तिच्यावर काहीच छापलेलं नाही.

लीरॉयच्या मापाने बांधलेले खोके तयार झाले तेव्हा पहिल्यांदा तीच लावली. बेस पायातून वर चढला. गोडाऊनमधला सुतार हातातला रंधा थांबवून म्हणाला, "अप्पा, सुरुवातीला कोण बोलतोय हा? गाणं चांगलंय, त्याला तेवढं कापून टाका की."

मी म्हणालो, तेवढं राहू दे.

त्याने पूर्ण ऐकलं. मग विचारलं, बाईचं नाव काय म्हणाला तो. मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.